लॉन्ड्रीने ग्रिड हलवलं

मावशी आमच्या कंट्रोल रूममध्ये शिरली तेव्हा तिच्या काखेत वही होती आणि डोळ्यांत अंगार. मी खुर्चीतून उठले. माझी आईसुद्धा आपल्या या धाकट्या बहिणीसमोर उठून उभी राहते, तिथे माझी काय कथा.

"गेटवर कुणी अडवलं नाही तुला?" मी विचारलं.

"अडवलं ना. त्या रखवालदाराची गणवेशाची पँट माझ्याकडे धुवायला आहे. किती अडवेल?"

कोर्टामागच्या रस्त्यावर मावशीची लॉन्ड्री आहे. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे पडदे, वकिलांचे डगले, सगळं तिच्याकडे. मशीनं ती चालवते, गिऱ्हाइकंही तीच चालवते. काका मागच्या खोलीत इस्त्री करतात आणि बोलत नाहीत. लग्नाला छत्तीस वर्षं झाली आहेत.

"जजसाहेबांचा काळा झगा मशीनमध्ये अडकलाय," मावशी म्हणाली. "सव्वाबाराला मशीन मध्येच थांबलं. दार उघडत नाही. आत पाणी, पाण्यात झगा, आणि दोन वाजता त्यांचं कोर्ट. वर दिवा असा लुकलुकतोय जणू डोळा मारतोय मला. या वयात!"

तिने वही टेबलावर आपटली. वहीत एक्केचाळीस तक्रारींच्या कार्बन कॉप्या होत्या आणि प्रत्येकीला टाचणीने लावलेलं उत्तर. सगळी उत्तरं एकच: 'आपल्या भागातील वीजपुरवठ्याचे सर्व मापदंड विहित मर्यादेत आहेत.'

"खाली सही कुणाची आहे?"

मी पाहिलं नाही. गरज नव्हती.

"ही सही मी तू शाळेत होतीस तेव्हापासून ओळखते," मावशी म्हणाली. "प्रगतिपुस्तकावर आईच्या नावाने ठोकायचीस, तिचीच ही वळणं."

कोपऱ्यातून बॉयलर खुदकन हसले. बॉयलर म्हणजे आमचे वरिष्ठ ऑपरेटर. त्यांनी तीस वर्षं नदीपलीकडच्या कोळशाच्या वीजकेंद्रात काढली होती म्हणून हे नाव, आणि दुसरं कारण म्हणजे वाफ. ती कधीही, कुणावरही निघायची. दोन वर्षांपूर्वी ते केंद्र बंद झालं आणि कंपनीने त्यांना आमच्या सौर प्रकल्पावर आणून बसवलं. आमच्या चौऱ्याऐंशी इन्व्हर्टरांना ते 'फ्रीज' म्हणायचे. "फ्रीजं ठीक आहेत मॅडम," असा सकाळचा अहवाल द्यायचे.

आता मी काय करते ते सांगते, म्हणजे माझी चूक नीट कळेल. सूर्याची वीज पॅनेलमधून सरळसोट येते. घराघरांतली वीज मात्र सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. या दोन्हींच्या मध्ये कपाटाएवढे इन्व्हर्टर असतात. ते सरळ विजेला हेलकावे द्यायला शिकवतात. कधी, किती आणि कोणत्या ठेक्यात, हे त्यांना सांगणारी सेटिंग्ज माझ्या हातात. मी कंट्रोल इंजिनिअर. आणि दर शुक्रवारी तक्रारींच्या उत्तरांचा गठ्ठा यायचा, तो संगणकाने छापलेला असायचा, त्यावर मी सह्या करायची. वाचायची नाही. एक्केचाळीस वेळा माझ्याच मावशीला मी न वाचता कळवलं होतं की तू म्हणतेस तसं काही नाही.

तसं मीटरप्रमाणे ते खरंही होतं. आमचा मीटर दर पंधरा मिनिटांची सरासरी नोंदवतो. मावशी आणि काका यांची सरासरी काढली तर त्या घरात दोन मोजकं बोलणारी माणसं राहतात असं निघेल.

"उद्या दुपारी येते," मी म्हणाले.

"झग्याचं काय?"

बॉयलर पाना घेऊन तिच्याबरोबर गेले. मशीनचं दार त्यांनी उघडलं. झगा ओला तो ओलाच राहिला, आणि त्या दिवशी जजसाहेबांनी कोर्टात साध्या कोटावर न्याय दिला.

दुसऱ्या दिवशी बाराला मी लॉन्ड्रीत पोचले. दुकानभर साबणाचा आणि गरम कापडाचा वास. दोन वॉशिंग मशीनं घरघरत होती. बारा वाजून दहा मिनिटांनी छतावरचा दिवा खरोखरच लुकलुकू लागला. मंद, जोरात, मंद, जोरात. शेजारच्या न्हाव्याच्या दुकानातून कुणीतरी ओरडलं, "वस्तरा बाजूला घे आधी!"

मी फोनवर त्या दिव्याचं चित्रीकरण केलं आणि ते संथ करून पाहिलं. सेकंदाला चार वेळा दिवा मान टाकत होता. मीटरच्या सरासरीत याचा मागमूसही लागणार नव्हता.

"मी तेच तर लिहिलंय," मावशी म्हणाली. "तक्रार क्रमांक सात. 'सेकंदाला साधारण चार.' मी इस्त्रीच्या बटणावर बोटाने ताल धरून मोजलं होतं."

तेवढ्यात बाहेर ऊन उतरलं. ढग आला होता. दिवा स्थिर झाला. तीन मिनिटांनी ढग सरला, रस्ता पुन्हा लख्ख झाला, आणि दिव्याला पुन्हा हुडहुडी भरली.

"हे पण लिहिलंय," मावशी म्हणाली. "क्रमांक एकोणीस. 'ढग आला की सगळं गुण्यागोविंदाने.' वाचायचं असतं गं, बबडे. लोक लिहितात ते वाचायचं असतं."

मी तिथेच कपड्यांच्या गाठोड्यावर बसले. ऊन पडलं की लुकलुक, ढग आला की शांत. म्हणजे दोष तारेत नव्हता, मशीनमध्ये नव्हता. माझ्याच प्रकल्पात होता.

आमचे इन्व्हर्टर अनुयायी जातीचे. लाइनवरचा ठेका ऐकायचा आणि त्यावर आपली वीज सोडायची, एवढंच त्यांना येतं. पूर्वी ठेका द्यायला नदीपलीकडचं केंद्र होतं. तिथे दोनशे टनांचं लोखंड गरागरा फिरायचं. त्याला हलवायला कुणाची छाती नव्हती. ते बंद झालं. आता ठेका येतो तो दूरवरून, एका लांबलचक लाइनवरून, वाटेत निम्मा दम सुटलेला. दुपारी चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी इन्व्हर्टर पूर्ण जोरात असले की त्यांना लाइनचा आवाज ऐकूच येत नाही. ऐकू येतो तो स्वतःचा. मग ते स्वतःलाच दुरुस्त करू लागतात. सभागृहात कुणी माइक स्पीकरसमोर धरला की कशी किंकाळी उठते? तसंच. फक्त इथे किंकाळीऐवजी दिवे डोळे मारतात.

हे सगळं मी साहेबांना समजावून सांगितलं. साहेब म्हणजे प्रकल्पप्रमुख. त्यांच्या केबिनमध्ये पुरस्कारांची इतकी मानचिन्हं होती की पाहुण्याला चहाचा कप मांडीवर ठेवावा लागे.

"मॅडम, आपण इन्व्हर्टर बनवणाऱ्यांनाच विचारू," साहेब म्हणाले आणि त्यांनी कंपनीच्या तज्ज्ञाला पडद्यावर बोलावलं.

तज्ज्ञाच्या मागे हिरवंगार जंगल होतं. खोटं. तो मान वळवायचा तेव्हा त्याचा एक कान जंगलात नाहीसा व्हायचा. त्याने माझं चित्रीकरण पाहिलं, मावशीच्या तक्रारींची यादी पाहिली, आणि तो प्रसन्नपणे म्हणाला, "उघड आहे. सगळ्या तक्रारी एकाच ठिकाणाहून आलेल्या आहेत. म्हणजे गडबडीचा उगम तिथेच आहे. ही लॉन्ड्री ग्रिड हलवते आहे."

मला वाटलं तो विनोद करतोय. त्याचा उरलेला कान गंभीर होता.

"सात किलोवॅटचं वॉशिंग मशीन," मी म्हणाले, "दोनशे मेगावॅटच्या प्रकल्पाला हलवेल?"

"मॅडम," साहेब म्हणाले, "मुंगी हत्तीच्या कानात गेली तर?"

"मुंगीने एक्केचाळीस वेळा लेखी कळवलं नसतं सर."

पण साहेबांना मार्ग सापडला होता. प्रकल्पात दोष निघाला असता तर आणखी एक मानचिन्ह हुकलं असतं. लॉन्ड्रीत दोष निघाला तर कुणाचं काय जातं? त्याच संध्याकाळी नोटीस तयार झाली. 'आपल्या यंत्रसामग्रीमुळे सार्वजनिक वीजपुरवठ्यात अस्थिरता निर्माण होत असून पंधरा दिवसांत सुधारणा न केल्यास आपली जोडणी खंडित करण्यात येईल.' सहीची जागा माझी.

"हे मी नाही करणार," मी म्हणाले.

"मग बॅटरीच्या कामावरून तुम्हाला मोकळं करू. दुसरं कुणीतरी सही करेल. नोटीस तर जाणारच आहे."

बॅटरीचं काम, म्हणजे वीज साठवणारे दोन नवे कंटेनर प्रकल्पाला जोडण्याचं, मला हवं होतं. चार वर्षं मागून मागून मिळालं होतं. मी स्वतःला समजावलं की आत राहिले तर काहीतरी करता येईल. माणूस अशा वेळी स्वतःला फार सुरेख समजावतो. मी सही केली.

या खेपेला मात्र वाचून केली.

मावशीचा फोन आला नाही. आईचा आला. "काय केलंस गं?" एवढंच ती म्हणाली आणि ठेवला. मी लॉन्ड्रीच्या रस्त्याने जाणं सोडलं. कोर्टाला मोठा वळसा घालून घरी जायला लागले. घरात न धुतलेल्या कपड्यांचा ढीग झाला, कारण आमचेही कपडे तिच्याकडेच जायचे. नवरा म्हणाला, "दुसरी लॉन्ड्री शोधू या का?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तोच शर्ट चौथ्या दिवशी घातला.

दहाव्या दिवशी बेचाळिसावी तक्रार आली. मी ती उभ्याने वाचली, मग बसून वाचली, मग बॉयलरना मोठ्याने वाचून दाखवली.

मावशीने नोटीस मिळताच भांडण केलं नव्हतं. तिने प्रयोग केला होता. भर दुपारी गिऱ्हाइकांसमोर लॉन्ड्रीचा मुख्य स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली शेजारी न्हाव्याकडे दाढीला बसलेल्या जजसाहेबांच्या हातात दिली. तक्रारीला त्यांचं निवेदन जोडलं होतं, कोर्टाच्या कागदावर नाही, साध्या कागदावर, पण अक्षर न्यायाचंच:

'बारा वाजून पाच मिनिटांनी लॉन्ड्रीचा मुख्य स्विच बंद करण्यात येऊन कुलपाची किल्ली माझ्या ताब्यात देण्यात आली. त्यानंतर पावणेदोन तास लॉन्ड्री पूर्णतः बंद होती. या संपूर्ण काळात केशकर्तनालयातील दिवा लुकलुकत होता. माझी अर्धी दाढी शिल्लक असल्याने व कारागिराने पुढे काम करण्यास नकार दिल्याने मला हे निरीक्षण सलग करता आले.'

बॉयलर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद दोनदा उलटसुलट केला. "यात न्यायाधीश कुठून आले?"

"दाढीला आले सर."

"आता काय करायचं?"

"बॅटरीचे दोन कंटेनर आहेत. त्यांचे कन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची वीज बाहेर सोडणारे इन्व्हर्टर, मला वेगळ्या पद्धतीने चालवू द्या. मागून गाणारे खूप झाले. दोघांना पुढे बसवू. लाइनकडे कान न लावता त्यांनी स्वतः पन्नासचा ठेका द्यायचा, म्हणजे बाकीचे चौऱ्याऐंशी त्यांच्यामागे येतील. तशी सोय त्यांच्यात आहे. पुस्तिकेच्या शेवटच्या परिशिष्टात आहे, म्हणून कुणी वाचलेली नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, छत पाहिलं, मानचिन्हं पाहिली. "उद्या बारा ते एक," ते म्हणाले. "मी त्या वेळेत जेवायला बाहेर असेन. मला काही माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी बाराला तीन मिनिटं असताना मी संगणकासमोर बसले. बॉयलर माझ्या मागे स्टुलावर, हाताची घडी घालून, सर्कस बघायला आल्यासारखे.

इथे माझ्या हातून जे झालं ते अहंकारापोटी झालं, म्हणून स्पष्ट सांगते. ठेका देणाऱ्या कन्व्हर्टरला एक गोष्ट शिकवावी लागते: भार वाढला तर किती वाकायचं. थोडा भार आला की ठेका थोडा मंद, भार गेला की पुन्हा वर. मी हे वाकणं जवळजवळ शून्यावर ठेवलं. मला ठेका दाखवणारा काटा पन्नासवर असा खिळलेला हवा होता की साहेबांनी त्याची फ्रेम करावी, तज्ज्ञाने दोन्ही कानांनी ऐकावं आणि मावशीने... मावशीने काय करावं ते मी ठरवलं नव्हतं.

दोन्ही कंटेनर सुरू केले. वीस सेकंद काटा खरोखर खिळला. मी हसून मागे पाहिलं.

"मॅडम, पुढे बघा," बॉयलर म्हणाले.

दोन कंटेनरांच्या ठेक्यात केसभर फरक होता. दोघेही वाकायला तयार नाहीत. एक म्हणे माझं पन्नास खरं, दुसरा म्हणे माझं. पहिला आपलं म्हणणं पटवायला वीज ओतू लागला, दुसरा ती सगळी पिऊ लागला. शहर राहिलं बाजूला. ही दोन दांडगी आपसातच भिडली. पहिला भार सहन न होऊन बंद पडला. त्याच्यापाठोपाठ दुसरा. त्या धक्क्याने लाइनचं संरक्षण जागं झालं, ब्रेकर धडाधड उघडून लाइन तुटली, आणि चौऱ्याऐंशी अनुयायी, ठेकाच नाही म्हटल्यावर, ओळीने गप्प झाले.

कंट्रोल रूममधला पंखा हळूहळू थांबला. खिडकीबाहेर रणरणतं ऊन, दोनशे मेगावॅटची पॅनेलं आरशासारखी चमकतायत, आणि सगळं शहर अंधारात. म्हणजे अंधार नव्हता, दुपार होती, पण तुम्हाला कळलं.

फोन वाजला. दोन आठवड्यांनी मावशीचा आवाज.

"तू केलंस का हे?"

"हो."

"बरं केलंस. निदान धड बंद तरी झालं. त्या लुकलुकण्यापेक्षा हे बरं." आणि ठेवला.

मी लाइनवाल्यांच्या मुख्य नियंत्रण केंद्राला फोन लावला. तिकडचा आवाज जांभई देऊन म्हणाला, "तुमच्याकडून मोठा झटका आलाय. सबस्टेशन तपासल्याशिवाय आम्ही लाइन जोडणार नाही. माणसं निघालीत. तीन तास धरा."

"तीन तास? इथे दवाखाना आहे!"

"दवाखान्याला जनरेटर असतो. तुमच्या हद्दीत तुम्हाला काय करायचं ते करा. आमच्या लाइनला हात लावू नका."

मी फोन ठेवला आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं हुंदके देऊन आलं. इतक्या वर्षांचं शिक्षण, चार वर्षांची विनवणी, आणि शेवटी काय, तर मावशीचा दिवा थरथरत होता तो मी विझवून टाकला.

बॉयलर स्टूल ओढत जवळ आले. मला वाटलं आता समजूत घालतील. ते म्हणाले, "वाकणं किती ठेवलं होतंत?"

"एक दशांश टक्का."

"एक दशांश!" वाफ सुटली. "अहो, आमची दोन टर्बाइनं शेजारी शेजारी चालायची, चार टक्के असायचं! चार! दोघांनी थोडं थोडं वाकायचं, म्हणजे भार आपोआप वाटला जातो. हे पहिल्या आठवड्यात शिकवायचे आम्हाला, कोळसा उचलायच्या आधी. तुमच्या त्या फ्रीजांना काय वाटतं, ती आभाळातून पडलीत?"

"तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत कुठे? मला वाटलं, फ्रीजांचं काही वेगळं शास्त्र असेल."

मी डोळे पुसले आणि आकडा बदलला. चार टक्के. मग आम्ही दोघांनी जे केलं ते मी आधी फक्त पुस्तकात वाचलं होतं आणि त्यांनी फक्त कोळशावर केलं होतं: मेलेलं शहर आपल्याच बळावर उठवायचं. मुख्य लाइनचा ब्रेकर कुलूपबंद केला, म्हणजे तिकडे थेंबभर वीज जाणार नाही. शहराचे सगळे फीडर, म्हणजे वस्त्यावस्त्यांना वीज नेणाऱ्या तारा, तोडले. पहिला कंटेनर सुरू केला. एकटा. काटा शून्यावरून उठला आणि पन्नासवर आला. पंखा फिरू लागला. तेवढंच आमचं साम्राज्य. मग दुसरा कंटेनर. मी श्वास धरून बसले. दोघांनी भार अर्धा अर्धा वाटून घेतला, काही न बोलता.

"दवाखाना," बॉयलर म्हणाले. मी दवाखान्याचा फीडर जोडला. काटा किंचित खाली, पुन्हा स्थिर. मग बाजार. मग कोर्टामागचा रस्ता. मग दहा-दहा करून इन्व्हर्टर परत बोलावले. ते लाजत लाजत आले, ठेका ऐकला आणि लागले गायला.

पाणीपुरवठ्याचे मोठे पंप सुरू झाले तेव्हा काटा एकोणपन्नास पूर्णांक सहावर घसरला. माझा हात आणीबाणीच्या बटणाकडे गेला. बॉयलरनी मनगट धरलं.

"झुकू द्या त्याला. झुकतोय म्हणजे त्याला कळतंय. जो झुकतच नाही त्याची भीती बाळगायची."

काटा तिथे घुटमळला, मग सावकाश वर आला. पूर्ण पन्नासवर तो त्या दुपारी एकदाही खिळला नाही. सारखा थोडा इकडे, थोडा तिकडे. इतका वेळ बघूनही मला त्याचा कंटाळा आला नाही.

पहिला अंधार ते शेवटचा फीडर, बेचाळीस मिनिटं लागली. त्यानंतर पावणेतीन तास ते शहर बाहेरच्या एका तारेशिवाय, कोळशाच्या एका ढेकळाशिवाय चाललं. उन्हावर आणि दोन कंटेनरांवर. सव्वा वाजता, ऐन उन्हात, मी न्हाव्याच्या दुकानात फोन केला. मावशीकडे करायची हिंमत नव्हती.

"दिवा कसा आहे?"

"कोणता दिवा?" न्हावी म्हणाला. आणि मग, "अरे हो की!"

साहेब अडीचला जेवून आले. तोवर बातमी पोचली होती की आसपासच्या तीन गावांची लाइन तपासणीत अडकली असताना आपलं शहर चालू आहे. साहेबांनी दारातच उभं राहून खोल श्वास घेतला आणि वार्ताहराला फोनवर सांगितलं, "होय, हे आमचं पूर्वनियोजित प्रात्यक्षिक होतं."

त्या आठवड्यात मला दोन पत्रं मिळाली. एकात बेचाळीस मिनिटांच्या खंडित पुरवठ्याबद्दल सक्त ताकीद, दुसऱ्यात पावणेतीन तासांच्या अखंड पुरवठ्याबद्दल अभिनंदन. तारीख एकच, सही एकच. साहेबांनी ती दोन्ही वाचली होती का, ते मी विचारलं नाही. तज्ज्ञाने एक निबंध लिहिला. त्यात लॉन्ड्रीचा उल्लेख नव्हता. बॅटरीची नवी सेटिंग्ज कायम झाली. बॉयलर अजूनही इन्व्हर्टरांना फ्रीजच म्हणतात, पण कंटेनरांजवळून जाताना आवाज खाली आणतात.

राहिली नोटीस. ती मागे घेण्याचा छापील मजकूर कार्यालयात तयार होता. मी तो घेतला नाही. घरी बसून हाताने लिहिलं, चार कागद फाडले, पाचवा घेऊन लॉन्ड्रीत गेले. मावशी चादरींवर खुणा घालत होती. तिने चष्मा लावला आणि उभ्यानेच वाचायला लागली. मी गिऱ्हाइकांच्या बाजूला, काउंटरच्या बाहेर उभी.

"'पहिल्या एक्केचाळीस उत्तरांवर मी न वाचता सही केली,'" तिने मोठ्याने वाचलं. "'नोटिशीवर वाचून केली. ती खोटी आहे हे मला ठाऊक होतं.' हे कशाला लिहिलंस? तुझा साहेब कापेल ना."

"साहेबांना दाखवलेलंच नाही."

"मग हे कार्यालयाचं पत्र नाही."

"नाही. माझं आहे. कार्यालयाचं टपालाने येईल."

तिने कागद घडी करून गल्ल्याखाली सरकवला. माझ्याकडे बघितलं नाही. चादरींवर आणखी दोन खुणा घातल्या. मग म्हणाली, "जेवलीस?"

"नाही."

"आधी शेजारी जा. त्या न्हाव्याने लुकलुकीत एका माणसाची मिशी उडवली होती, तीही धड एका बाजूची. लोकांनी महिनाभर त्याला नावं ठेवली, हात कापतात म्हणून. त्याने तक्रार लिहिली नाही, त्याला लिहिता येत नाही. त्यालाही सांग कुणाचं चुकलं ते. मग ये जेवायला."

मी गेले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, एक फेसाने माखलेलं. न्हाव्याला वाटलं मी पुन्हा दिव्याची चौकशी करायला आले आहे, त्याने वर बोट दाखवलं. मी दारातच उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की त्याचे हात कधीच कापत नव्हते.